बिनचिठ्ठीचे डबे

उत्रोलीचा रखमाजी गावोगाव सिनेमा दाखवायचा, आणि आज कोणता सिनेमा दाखवणार हे पुष्कळदा त्याला स्वतःलाच ठाऊक नसायचं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "डबा उघडल्यावर कळंल." लोकांना वाटायचं, गडी थट्टा करतोय. पण तो खरंच सांगत असायचा.

तरुणपणी तो तंबूच्या सिनेमाच्या एका कंपनीत लागला होता. आधी पडद्याच्या दोऱ्या बांधायला, मग डबे वाहायला आणि पुढं मशीनवर. कंपनीचा हंगाम दिवाळीपासून मृगापर्यंत चाले. तेवढे महिने त्याची बायको अंजना उत्रोलीत पोरीला घेऊन एकटी राहायची. पोरीचं नाव बना.

एका उन्हाळ्यात कंपनी फलटणकडं असताना बना गेली. जुलाब-उलट्या लागल्या आणि एका दिवसात खेळ आटोपला. निरोप मिळून रखमाजी घरी पोचला, तोवर सगळं उरकून गेलं होतं. भावानं त्याला ओढ्याकाठी पोरीला पुरलं ती जागा नेऊन दाखवली. घरी आला तर अंजना चुलीपाशी बसलेली. तिनं त्याला पाणी दिलं, भाकरी वाढली. काय झालं, कसं झालं, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं तर ती पुन्हा रडेल असं त्याला वाटलं. तिनंही आपण होऊन काही सांगितलं नाही. पुढं त्यांना मूल झालं नाही.

कंपनीचा मालक म्हातारा झाला. त्यानं तंबू विकला, सामान विकलं. जुनं मशीन मात्र कुणी घेईना. तो रखमाजीला म्हणाला, "हे तुझ्याशिवाय कुणाच्या हातानं चालत नाही. तूच घेऊन जा." अशा रीतीनं मशीन उत्रोलीत आलं आणि घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, गोणपाट पांघरून बसलं. कारण मशीन होतं, पण दाखवायला चित्र नव्हतं. पुण्यात फिल्म भाड्यानं देणाऱ्या हापिसांत रखमाजी जाऊन आला. त्यांना पक्कं थेटर लागे, नाहीतर मोठी कंपनी तरी. बैलगाडीतून कनात घेऊन वेल्ह्याच्या डोंगरात जाणाऱ्या माणसाला कोण फिल्म देणार?

मग एकसष्टच्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं. वेल्ह्याच्या डोंगरातलं पाणी पुण्यात शिरलं आणि नदीकाठची घरं, दुकानं, गोदामं चिखलात गेली. त्यातलं एक गोदाम फिल्मच्या डब्यांनी भरलेलं होतं. पाणी ओसरल्यावर डबे सापडले, पण त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या होत्या. कुठलं रीळ कुठल्या चित्राचं, कुणाला सांगता येईना. सगळा माल एका भंगारवाल्यानं उचलला. फिल्म धुऊन तिच्या पट्ट्या तो बांगडीवाल्यांना विकायचा.

रखमाजीला हे कळलं तसा तो जुन्या बाजारात गेला. भंगारवाला पोत्यांच्या ढिगावर बसला होता.

"जरा उघडून बगू का?" रखमाजीनं विचारलं.

"उघडायचं न्हाई. पोत्यावर घ्यायचं," भंगारवाला म्हणाला. "आत काय हाय ते मला ठावं न्हाई, तुला ठावं न्हाई. चिखल निघाला तर चिखल घेऊन जायचा."

रखमाजीनं दोन पोती उचलली.

घरी अंगणात पोती सोडली. काही डब्यांतली रिळं चिकटून पार वीट झाली होती. काही डब्यांना पाणी शिवलंच नव्हतं. जी नुसती ओली होती ती अंजनानं घंगाळात धुतली आणि वळणीवर वाळत घातली. शेजारपाजारची माणसं येऊन एकेक पट्टी उन्हाला धरून बघायची. कुणाला घोडा दिसे, कुणाला आगगाडी, कुणाला नुसतीच काळी रेघ. कितीतरी वर्षांनी अंजना त्या दिवशी हसली. रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "औंदा म्या बी येती तुमच्यासंगं. घरात एकटी बसून काय करू?"

रखमाजीचा चुलतभाऊ चिमाजी, त्याच्याकडं बैलगाडी होती. मशीनला वीज देणारं तेलाचं इंजिन चालवायचं कामही त्यानं उचललं. तिघं निघाले. नसरापूर, मार्गासनी, विंझर, जिथं जत्रा असेल तिथं. पहिला खेळ चांगलाच फसला. मोठ्या उमेदीनं लावलेलं रीळ कोंबड्या पाळण्याबद्दलचं सरकारी चित्र निघालं. माणसं बराच वेळ मुकाट बसली. शेवटी मागून एक म्हातारा ओरडला, "रखमाजी, ह्या नाचनार कवा?" कनातीत हशा पिकला. दुसरं एक निघालं ते मुकंच. तिसऱ्यात राजा सुरुवातीलाच मरायचा आणि मग त्याच्या लग्नाची वरात निघायची, कारण रिळं उलटसुलट लागली होती.

त्या पोत्यांत एकच चित्र जवळजवळ सगळं मिळालं. भाषा दक्षिणेकडची होती. तमिळ की तेलुगू, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. रखमाजी त्याला 'मद्राशी' म्हणायचा. एका बाईची लहान पोर जत्रेत हातातनं सुटते. आई गावोगाव हिंडते, परक्या घरी धुणीभांडी करते. पोर डोंबाऱ्यांच्या हाती लागते आणि दोरावर चालायला शिकते. शेवटी एका शहरात दोराचा खेळ चालू असतो, गर्दीत आई येऊन उभी राहते, वर बघते, आणि तिथंच रीळ संपतं. त्याच्या पुढचा डबाच नव्हता.

बोलणं कुणाला कळणार नाही म्हणून रखमाजीनं जुन्या कर्ण्याला एक माईक जोडला. गोष्ट तो स्वतः सांगणार होता. पण मशीनवर हात आणि माईकवर तोंड हे जमेना. "तू बोल," तो अंजनाला म्हणाला. "काय दिसतंय तेवडंच सांग."

पहिल्यांदा ती बोलली ती गुंजवण्यात. राजगडाच्या पायथ्याला खळ्यात कनात लावली होती. आसपासच्या वाड्यांवरची माणसं आली होती. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. अंजना पडद्याशेजारी अंधारात बसली. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. "ही बाई हाय. ही पानी भरतीया." मग हळूहळू ती सावरली. पडद्यावरच्या बाईला तिनं धोंडाबाई म्हटलं. मग जत्रेचा देखावा आला, पोरीचा हात सुटला, आणि कर्ण्यातनं आवाज आला, "बना! आगं बना, कुटं गेलीस?"

मशीनपाशी रखमाजीचा हात थांबला. घरात ते नाव कितीतरी वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

गोष्ट पुढं सरकली. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. शेवटी आई गर्दीत येऊन उभी राहिली, रीळ संपलं आणि पडदा नुसता पांढरा झाला. माणसं थांबली, कुजबुज झाली, मग आरडाओरडा सुरू झाला. "पुडं काय? शेवट दावा!" कुणीतरी कनातीचा बांबू हलवायला लागलं. चिमाजी घाबरून इंजिनापासनं उठला. रखमाजी दिवा बंद करणार, तेवढ्यात कर्ण्यातनं अंजना बोलली.

"थांबा. खाली बसा. सांगती."

माणसं बसली. पांढऱ्या पडद्याकडं तोंड करून ती सांगू लागली. "बनानं वरनं बगितलं. एवड्या मान्सांत तिला आई दिसली. ती दोरावरनं हळूच उतरली. गर्दीतनं वाट काढीत आली. आईनं तिला वळकलं न्हाई, लई मोटी झाली हुती न्हवं. पन पोरीनं वळकलं. आईचा पदर धरला आन् म्हनली, आये, किती गं उशीर केलास." अंजनानं माईक तोंडाजवळ घेतला. "आई म्हनली, चुकलं माजं. चल घरी. मग दोघी घरी गेल्या."

मग माणसं उठली आणि गुपचूप घरोघर गेली.

त्या दिवसापासून त्या चित्राची आणि अंजनाची गावोगाव वाट बघणं सुरू झालं. माणसं आधीच विचारायची, "बनाचा शिनेमा आनलाय न्हवं?" ज्या बायका पाणवठ्यावर अंजनाच्या घागरीपासून लांब सरकायच्या, त्याच कनातीत तिच्या आवाजाला हुंदके द्यायच्या. सकाळी पुन्हा लांब सरकायच्या. अंजनाला त्याचं वाईट वाटत नसेल असं नाही, पण ती बोलून दाखवायची नाही. तिला त्या शेवटाची ओढ लागली होती. दर खेळाला ती त्यात थोडी भर घालायची. घरी गेल्यावर बना काय जेवली, कुठं निजली, आईनं तिच्या केसांना तेल कसं लावलं. माईक हातात असताना तिच्या तोंडावर जे दिसायचं, ते बघायला रखमाजी मशीनच्या आडून मान लांब करायचा.

असे पाच-सहा हंगाम गेले. रखमाजी मधूनमधून पुण्याला जाऊन पोतं आणायचाच. बहुतेक वेळा त्यात चिकटलेल्या विटा निघायच्या. एकदा मात्र एका डब्यात रीळ चांगलं निघालं. त्यानं पट्टी उन्हाला धरली आणि तो उभाच राहिला. दोरावर तीच पोर होती. खाली गर्दीत तीच आई, हात वर केलेली. तोंड हसरं आहे की रडकं, ते एवढ्याशा चित्रात कळत नव्हतं.

तेव्हा अंजना रानात भाताला गेली होती. रखमाजीनं ते रीळ फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि तिला सांगितलं नाही. इतकी वर्षं ती कोऱ्या पडद्याकडं बघून बोलते. एक दिवस बोलता बोलता तिच्यासमोर खरीच भेट घडली तर तिला काय वाटेल, या विचारानं तो एकटाच हसत होता. इंजिन लावून रीळ घरी चालवून बघावं, असं चिमाजी म्हणाला. "नगं," रखमाजी म्हणाला. "समद्यांच्या संगं बगू दे तिला."

भोंगवलीच्या जत्रेत कनात भरून वाहत होती. अंजना नेहमीसारखी बोलत होती. दोराचा खेळ आला, आई गर्दीत येऊन उभी राहिली. आता पडदा पांढरा होणार म्हणून तिनं श्वास घेतला, पण पडदा पांढरा झाला नाही. चित्र पुढं चाललं. तिनं वळून मशीनकडं बघितलं. अंधारात तिला काही दिसलं नसेल. ती पुन्हा पडद्याकडं वळली आणि तिचा आवाज एकदम चढला.

"बनानं बगितलं! आयेनं हात वर केला! उतर बना, उतर, हळू..."

पडद्यावरच्या पोरीनं खाली बघितलं. तिचा पाय चुकला. दोर हलला आणि ती खाली पडली.

कर्ण्यातनं अंजनाचा नुसता श्वास ऐकू येत होता. पडद्यावर आई धावली, तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. मग ती पोरीला दोन्ही हातांवर घेऊन नदीच्या काठानं चालू लागली. ते चालणं काही संपेना. बायकांतनं कुणीतरी ओरडलं, "आरं बंद कर!" रखमाजीला बटण सुचलं नाही. त्यानं भिंगापुढं हात धरला, तेव्हा ती चालणारी बाई त्याच्या तळहातावर दिसायला लागली. शेवटी चिमाजीनंच इंजिन बंद केलं.

कंदील लागला. लोक अंजनाकडं बघत होते. पुढं बसलेल्या एका माणसानं, कुचकेपणानं नव्हे, अगदी मनापासून विचारलं, "बाई, मंग तुमी दरसाली सांगत हुता ते खोटं व्हय?"

अंजनानं माईक जमिनीवर ठेवला आणि ती कनातीच्या बाहेर गेली.

सकाळी रखमाजीनं ते रीळ कापून काढलं आणि जाळलं. भुर्रकन पेटलं आणि संपलं. गाडीशी बसलेल्या अंजनाजवळ जाऊन तो म्हणाला, "मला वाटलं, त्या भेटत्याल."

"ठावं हाय मला."

"ते गेलं आता. कुनाला दावायचं न्हाई. तू आपलं मागचंच सांग."

"कसं सांगू?" ती म्हणाली. "म्या आता बगितलंय न्हवं, काय झालं ते."

पुढच्या गावात तिनं प्रयत्न केला. सगळी गोष्ट सांगितली. पडदा पांढरा झाला आणि ती गप्प बसली. माणसं वाट बघत राहिली. शेवटी रखमाजी धावत येऊन माईकमध्ये घाईघाईनं म्हणाला, "मग त्या भेटल्या आन् घरी गेल्या." लोक उठून गेले. त्या हंगामानंतर अंजना गाडीत बसली नाही. घरी राहून लोकांच्या भातलावणीला, खुरपणीला जाऊ लागली. रखमाजी आणि चिमाजी अजून थोडी वर्षं फिरले. मग गावोगाव एसटी झाली, माणसं भोरला जाऊन पक्क्या थेटरात बसू लागली. बहात्तरच्या दुष्काळात जत्राही नावापुरत्या उरल्या. रखमाजीनं मशीन वाईच्या एका माणसाला देऊन टाकलं. उरलेले डबे पुन्हा भंगारात गेले.

दुष्काळी कामावर दोघं एकत्रच जायचे. भोरच्या पुढं रस्त्याची खडी फोडायचं काम होतं. बायका एका रांगेत, बाप्ये जरा पलीकडं. कुणी कुणी अंजनाला आवाजावरनं ओळखायचं. "तुमीच न्हवं त्या शिनेमातल्या बाई? सांगा की काईतरी." ती मान हलवून हातोडा उचलायची.

त्या रांगेत वेल्ह्याकडची अंबूबाई होती. तिचं तान्हं पोर कामावरच तापानं फणफणलं आणि गेलं. आठवड्यानं ती परत आली. सगळ्या बायका तिच्याशी भाकरीबद्दल, पाण्याबद्दल बोलत. पोराचं नाव कुणी काढत नसे. दुपारी जेवायच्या सुटीत ती बाभळीखाली एकटीच बसली होती. अंजना तिच्याजवळ जाऊन बसली.

"म्या आदीच उटले असते तर..." अंबूबाई पुटपुटली. "उनात निजीवलं म्या त्याला."

अंजना म्हणाली, "माजी बी एक हुती. बना."

झाडाच्या पलीकडच्या अंगाला रखमाजी बसला होता. भाकरीचा तुकडा त्याच्या हातात तसाच राहिला.

"पहाटंपस्नं वांत्या हुत्या," अंजना सांगत होती. "खांद्यावर घेतली आन् भोरला दवाखान्यात निगाले. म्या पळत हुते. अर्ध्या वाटंत ती म्हनली, आये, हळू चाल, मला हलतंय. तिला तरास व्हायला लागला म्हून म्या हळू चालले. पुलापातुर गेले आन् बगितलं तर मान पडलेली. पळाले असते तर पोचले असते का, आन् हळू चालले म्हून तिला जरा बरं वाटलं असंल का... इतकी वरसं झाली, मला ठावं न्हाई."

अंबूबाईनं तिचा हात घट्ट धरला. दोघी तशाच बसून राहिल्या. मुकादमानं शिट्टी मारली तेव्हा उठल्या.

रखमाजी दिवसभर खडी फोडत होता, पण ढीग काही वाढला नाही. काम सुटल्यावर दोघं उत्रोलीच्या वाटेला लागले. दोघांचे हातोडे त्याच्याच खांद्यावर होते. कोरडा पडलेला ओढा ओलांडल्यावर तो म्हणाला, "मला कदी सांगितलं न्हाईस."

"तुमी आला तवा तोंड बगवत न्हवतं तुमचं," ती म्हणाली. "वाटलं, इचारत्याल कवातरी."

त्यानं हातोडे दुसऱ्या खांद्यावर घेतले. गाव दिसू लागलं होतं. मग त्यानं विचारलं, "अंगावर काय हुतं तिच्या? जाताना?"

"हिरवा झगा," अंजना म्हणाली. "बाहीला उसवल्याला. शिवायचा राहिला हुता."

"आन् संगं कोन कोन हुतं?"

ती सांगू लागली. तो ऐकत राहिला. ती दमली असेल म्हणून त्यानं चाल कमी केली.